समन्स भावाच्याच दारावर डकवलं, तर निकालाचं काय?

प्रश्न : माझं माहेर इंदूरचं, रामबागेतलं. लग्न झाल्यापासून मी नागपुरात आहे. रामबागेतलं घर बाबांनी स्वतःच्या कमाईतून घेतलं होतं. मृत्युपत्र न करताच 2009 मध्ये ते गेले. आईही 2015 मध्ये गेली, तिनेही मागे काही लिहून ठेवलं नाही. घरात दादा आणि त्याचं कुटुंब राहतं. पंधरा दिवसांपूर्वी मामेभावाने वर्तमानपत्रातल्या जाहीर सूचनेचा फोटो पाठवला. घर विकायचं आहे, हरकत असल्यास सात दिवसांत कळवा, असं तिच्यात होतं. दाव्याचा क्रमांक आणि 2021 च्या निकालाचा उल्लेखही होता. ओळखीच्या वकिलांनी कोर्टात पाहिलं. दादाने 2019 मध्ये माझ्यावर दावा लावला होता. 2010 मध्ये मी माझा हिस्सा तोंडी सोडला असं त्याचं म्हणणं. माझा पत्ता रामबागेचाच दिलेला, समन्सवर शेरा ‘लेने से इन्कार किया, चस्पा किया गया’, म्हणजे घ्यायला नकार दिला, दारावर डकवलं. निकाल एकतर्फी. आईच्या कागदांत मला 2011 च्या महापालिकेतल्या नामांतरणाच्या (घराच्या नोंदीत नावं बदलण्याच्या) शपथपत्राची झेरॉक्स मिळाली. त्यात दादानेच आई, तो आणि मी असे तीन वारस लिहिले आहेत. एक गोष्ट सांगायला हवी. 2022 मध्ये एका लग्नात चुलतबहीण म्हणाली होती, “दादाने घर कोर्टातून नावावर करून घेतलं म्हणे.” मी दादाला विचारलं, तो म्हणाला, “काही नाही गं, टॅक्सचं काम होतं.” मी विषय सोडला. आता घरचे म्हणतात, कोर्टाचा निकाल आहे, संपलं. जावई म्हणतात, फसवणुकीला मुदतच नसते, आधी पोलिसांत एफआयआर करा. खरं काय?
— एक वाचक भगिनी, नागपूर

उत्तर : ताई, तुमचे घरचेही चुकतात आणि जावईही. मात्र जावयांचं चुकणं जास्त महागात पडेल, म्हणून त्यांच्यापासून सुरुवात करते.

फसवणुकीने मिळवलेला निकाल मुळातच निरर्थक असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलं आहे. यातला सगळ्यात जास्त उद्धृत होणारा निकाल म्हणजे एस. पी. चेंगलवराय नायडू विरुद्ध जगन्नाथ, 1993 सालचा. प्रकरण मद्रासकडचं. जगन्नाथने आपल्या धन्याच्या वतीने कोर्टाच्या लिलावात मालमत्ता विकत घेतली आणि नंतर नोंदणीकृत लेख करून तिच्यावरचा हक्क सोडला. पुढे त्याच मालमत्तेच्या वाटपाचा दावा लावताना हा लेख त्याने कोर्टापुढे आणलाच नाही. उच्च न्यायालयाला त्यात विशेष काही वाटलं नाही, प्रतिवाद्याने तो लेख दाखवायचा होता, असा त्याचा सूर होता. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल उलटवला. कोर्टात येणाऱ्याने आपल्याकडचे महत्त्वाचे कागद पुढे ठेवलेच पाहिजेत. वरचढ ठरण्यासाठी ते दडवणं म्हणजे समोरच्या पक्षाची आणि कोर्टाची, दोघांची फसवणूक. असा निकाल कोणत्याही कोर्टात, दुसऱ्या कारणाने चाललेल्या आनुषंगिक कारवाईतसुद्धा, आव्हान देता येतो असंही त्यात म्हटलं आहे.

जावयांनी बहुधा कुठेतरी एवढंच वाचलं असावं. त्यामुळे ‘फसवणूक झाली’ म्हटलं की मुदतीचा प्रश्न मिटला, असा समज होतो. प्रत्यक्षात फसवणूक सिद्ध व्हावी लागते, आणि ती सिद्ध करायला ज्या दारातून आत जायचं त्या दाराला मुदत असते. मुदत कायद्याचं कलम 17 इतकंच म्हणतं की फसवणूक झाली असेल तर घड्याळ ती कळल्यापासून, किंवा वाजवी दक्षता घेतली असती तर जेव्हा कळली असती तेव्हापासून, सुरू होतं. या ‘वाजवी दक्षता’ शब्दांवर तुमच्या प्रकरणाचं बरंच काही ठरणार आहे. त्याकडे येते, आधी दार कोणतं ते पाहू.

तुमच्यासाठी पहिलं दार दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 9 नियम 13 चं. ज्या कोर्टाने एकतर्फी हुकूमनामा (डिक्री) दिला त्याच कोर्टात अर्ज करायचा की समन्स मला रीतसर मिळालंच नाही, हुकूमनामा रद्द करा. मुदत 30 दिवस. समन्सची तामील, म्हणजे ते पोचवणं, रीतसर झालं नसेल तर हे दिवस हुकूमनामा माहीत झाल्यापासून मोजतात. तुमच्या सूचनेत दाव्याचा क्रमांकच छापला आहे, म्हणजे ती हाती पडल्यापासून तरी ‘मला माहीत नव्हतं’ म्हणता येणार नाही. त्यातले निम्मे दिवस गेले. हे उत्तर छापून येईपर्यंत थांबू नका म्हणून मी कालच तुम्हाला वेगळं कळवलं आहे. अर्जाला पुष्ट्यर्थ शपथपत्र आणि सोबत मुदत कायद्याच्या कलम 5 खाली विलंब माफीचा अर्ज, हे दोन्ही एकदमच जाऊ द्या. मुदतीत आहोत असं वाटत असलं तरी विलंब माफीचा अर्ज जोडून ठेवावा. कोर्टाने 2022 पासून दिवस मोजले तर तो कामी येईल.

आता त्या लग्नातल्या वाक्याबद्दल. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली. तुम्ही ते प्रामाणिकपणे लिहिलंत हे चांगलं झालं, कारण काही जण तुम्हाला सांगतील की हे अर्जात लिहू नका, चुलतबहिणीला कोण विचारायला जातंय. तुमचा भाऊ विचारेल. त्याचे वकील तुमच्या उलटतपासणीत पहिला प्रश्न हाच टाकतील, आणि चुलतबहिणीला साक्षीला बोलावतील. दुसऱ्याने लपवाछपवी केली म्हणून तुम्ही कोर्टात जाणार आणि तुमच्याच शपथपत्रात लपवाछपवी निघणार, मग न्यायाधीशांनी कोणाचं खरं मानायचं?

शिवाय ते वाक्य नीट मांडलं तर तुमच्याच बाजूने जाऊ शकतं. पन्नालाल विरुद्ध मुरारीलाल या 1967 च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की हुकूमनामा माहीत असणं म्हणजे त्या विशिष्ट हुकूमनाम्याची स्पष्ट जाणीव असणं, ‘काहीतरी निकाल झालाय म्हणे’ एवढं ऐकलेलं पुरत नाही. लग्नाच्या पंगतीत ऐकलेल्या गोष्टीत ना कोर्ट, ना क्रमांक, ना तारीख. पुढे तुम्ही गप्पही बसला नाहीत, ज्याला माहीत असायला हवं त्यालाच विचारलंत. त्याने टॅक्सचं काम सांगितलं. भावाच्या शब्दावर बहिणीने विश्वास ठेवणं हे वाजवी होतं की नाही, हा प्रश्न कोर्टापुढे ठेवता येतो. त्याचं ते उत्तर फोनवर होतं की व्हॉट्सअ‍ॅपवर? व्हॉट्सअ‍ॅपवर असेल तर मोबाईल बदलू नका, चॅट पुसू नका, तोच हँडसेट जपून ठेवा. फोनवरच झालं असेल तर ते बोलणं त्या वेळी कोणासमोर झालं हे आठवा. तुमच्या यजमानांसमोर झालं असेल तर त्यांचं वेगळं शपथपत्र घ्या.

मात्र हेही सांगते की 2022 ते आजपर्यंतचा काळ बराच आहे. या मुद्द्यावर कोर्ट तुमच्या विरुद्धही जाऊ शकतं. मी खात्री देणार नाही, आणि तुमचे वकील देत असतील तर वकील बदला.

समन्सचं प्रकरण मात्र भक्कम दिसतंय. वादपत्राचं, म्हणजे दादाने दाखल केलेल्या दाव्याच्या कागदाचं, पहिलं पान काढा. वादीचा पत्ता आणि प्रतिवादीचा पत्ता एकच, रामबागेतलं घर. म्हणजे दाव्यानुसार भाऊ बहिणीवर दावा लावतो आणि दोघं एकाच छपराखाली राहतात. न्यायाधीशांना हे एका नजरेत दिसेल. आदेश 5 नियम 17 प्रमाणे समन्स डकवायचं ते प्रतिवादी जिथे सामान्यतः राहतो त्या घराच्या बाहेरच्या दारावर. तुम्ही तिथे राहतच नव्हता, तर ‘घ्यायला नकार’ दिला कोणी? याच नियमात असंही आहे की तामील करणाऱ्याने आपल्या अहवालात घर कोणी दाखवलं आणि कोणासमोर डकवलं त्यांची नावं-पत्ते लिहायचे. तो अहवाल उलटा करून बघा, बऱ्याचदा हा मजकूर समन्सच्या मागच्या बाजूला खरडलेला असतो. तिथे तुमच्या भावाचं, वहिनींचं किंवा भाच्याचं नाव असेल तर त्या एका ओळीवर तुमचा निम्मा अर्ज उभा राहील. नावच नसेल तर तामील नियमाप्रमाणे झालेली नाही, असं म्हणायचं. अहवालासोबत शपथपत्र नसेल तर नियम 19 प्रमाणे कोर्टाने तामील करणाऱ्याला शपथेवर तपासायला हवं होतं. आदेशपत्रिकेत, म्हणजे तारखेवार कामकाजाच्या नोंदींत, तसं लिहिलं आहे का ते पाहा.

याला एक पुस्ती आहे. तामिलीत नुसती अनियमितता असेल आणि तुम्हाला तारखेची माहिती होती हे सिद्ध झालं, तर हुकूमनामा रद्द होत नाही. म्हणून दादा असंच म्हणणार की ‘ताईला सगळं माहीत होतं, फोनवर बोलणं व्हायचं’. त्याला उत्तर म्हणजे तुमचा नागपूरचा पत्ता त्याला पक्का ठाऊक होता, तरीही तो त्याने कोर्टाला दिला नाही, हे दाखवणं. आधार कार्ड, मतदार यादी, वीजबिल हे तर द्याच, पण त्याहून मोलाचा कागद म्हणजे दादाच्या हातचा नागपूरचा पत्ता. भाचीच्या लग्नाची पत्रिका पोस्टाने आली असेल तर पाकीट टाकलं नाही ना? तुम्ही राखी कुरिअरने पाठवत असाल तर तिच्या पावतीवर पाठवणाऱ्याचा पत्ता असतो आणि घेणाऱ्याचं नाव दादाचं असतं. दावा लावला त्या 2019 च्या आगेमागेच्या अशा दोन पावत्या मिळाल्या तर फारच छान. घरात जुन्या डब्यातून, बॅगांतून अशा गोष्टी निघतात, आणि त्या खोट्या म्हणणं समोरच्याला अवघड जातं.

आता 2011 चं शपथपत्र. चेंगलवराय नायडूचा धागा इथे जुळतो. दाव्यात दादा म्हणतो की बहिणीने 2010 मध्ये हिस्सा सोडला. मग 2011 मध्ये त्याने शपथेवर तुम्हाला वारस म्हणून का लिहिलं? आणि 2019 मध्ये कोर्टापुढे तो कागद का ठेवला नाही? हा कागद त्याचा स्वतःचा, स्वतःच्या सहीचा. झेरॉक्सवर विसंबू नका. महापालिकेतून नामांतरणाच्या फाईलची प्रमाणित नकल काढा, माहिती अधिकारात अर्ज केलात तरी चालेल. तीस दिवसांची वाट पाहण्यात कोर्टाची मुदत घालवू नका, आत्ता झेरॉक्स जोडा, नकल मागून द्या.

पण एक फरक नीट लक्षात घ्या, कारण बहुतेक अर्ज इथे घसरतात. ‘2010 मध्ये तोंडी हिस्सा सोडला’ हे म्हणणं खोटं असू शकतं, कायद्याने कच्चंही असू शकतं. स्थावरातला हिस्सा लेखाने सोडायचा तर त्या लेखाची नोंदणी लागते. कुटुंबातल्या तोंडी वाटणीला काही परिस्थितीत मान्यता आहे, पण ती झाल्याचं सिद्ध करावं लागतं. हे सगळं दाव्याच्या गुणदोषांचं. निकाल चुकीचा आहे म्हणजे तो फसवून मिळवला, असं होत नाही. समोरच्याने खोटी साक्ष दिली एवढ्या एका कारणावर निकाल उलथवायला कोर्टं सहसा तयार नसतात, कारण खोटं खोडून काढण्यासाठीच उलटतपासणी असते. तुम्हाला ती संधीच मिळू दिली नाही. म्हणून तुमची फसवणूक ही पत्त्याची आहे, आणि शपथपत्र दडवणं तिला जोडून येतं. अर्जात क्रम हाच ठेवा.

आणि तपशील द्या. आदेश 6 नियम 4 प्रमाणे फसवणुकीचा आरोप मोघम चालत नाही. ‘वादीने कट करून, संगनमताने, फसवणूक करून निकाल मिळवला’ हे वाक्य इंदूरच्या कोर्टात मी इतक्या अर्जांत वाचलं आहे की आता ते नजरेआड होतं. त्याऐवजी असं लिहा : अमुक तारखेच्या वादपत्रात परिच्छेद अमुकमध्ये वादीने अर्जदाराचा पत्ता रामबाग दिला, वादीला अर्जदार नागपुरात राहते हे ठाऊक होतं, कारण अमुक तारखेला त्याने अमुक पत्त्यावर अमुक पाठवलं. सात-आठ अशा ओळी पुरतात.

त्यासाठी फाईल हवी. ओळखीच्या वकिलांनी ‘पाहिलं’ एवढं पुरे नाही. नकल विभागातून वादपत्र, पूर्ण आदेशपत्रिका, तामिलीचा अहवाल, वादीचं साक्षीचं शपथपत्र, त्याने दाखल केलेले दस्त, निकाल आणि हुकूमनामा या सगळ्याच्या प्रमाणित नकला मागवा. जुन्या फायलींतले काही कागद ठराविक काळानंतर नष्ट केले जातात, तामिलीचा अहवाल त्यात गेला तर फार हळहळ वाटेल.

दुसरं दार अपिलाचं, जिल्हा न्यायालयात 30 दिवस, उच्च न्यायालयात 90. एकतर्फी हुकूमनाम्यावरही अपील चालतं, पण ते आधी निकाली निघालं तर नियम 13 चा अर्ज चालत नाही. म्हणून अर्ज आधी. तो फेटाळला गेला तर त्या आदेशावर अपील आहे. तिसरं दार स्वतंत्र दाव्याचं : हा हुकूमनामा फसवणुकीने मिळवलेला असून माझ्यावर बंधनकारक नाही असं घोषित करा. त्याला मुदत तीन वर्षं, वस्तुस्थिती कळल्यापासून. 2022 चं ते वाक्य इथे जास्त बोचेल. कोर्ट फी लागेल, काळ लागेल. वकिलांनी हे दार मागे राखून ठेवावं, पुढे करू नये असं माझं मत. पुरावा कायद्याचं जुनं कलम 44, जे आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम 38 आहे, त्याप्रमाणे समोरच्याने एखादा निकाल पुढे केला तर तो फसवणुकीने मिळवला आहे हे त्याच कारवाईत दाखवता येतं. उद्या दादाने हा निकाल दुसऱ्या कुठल्या प्रकरणात तुमच्यासमोर धरला तर याचा उपयोग.

घर विकलं जाण्याची भीती आहे, तर दोन कामं लगेच करा. सूचनेतल्या वकिलांना लेखी हरकत पाठवा, नोंदणीकृत पोस्टाने आणि ईमेल दिला असेल तर ईमेलनेही. सात दिवस उलटून गेले म्हणून घाबरू नका, ती मुदत कायद्याने ठरवलेली नाही, ती उलटल्याने तुमचा हक्क बुडत नाही. हरकत पोचली की घेणाऱ्याला नंतर ‘मला काही ठाऊक नव्हतं’ म्हणणं कठीण होतं. आणि नियम 13 च्या अर्जासोबतच विक्रीला स्थगिती मागा. इंदुरात आता जुन्या वस्तीतल्या घरांना भाव आहे, घेणारे आगाऊ रक्कम द्यायला उशीर करत नाहीत.

एफआयआरबद्दल. कोर्टात खोटं शपथपत्र देणं हा गुन्हा आहे, पण तो सहसा पोलिसांत थेट नोंदवता येत नाही, संबंधित कोर्टाने लेखी तक्रार करावी लागते. त्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 379 खाली त्याच कोर्टात अर्ज असतो, पूर्वीचं फौजदारी संहितेचं 340. तुमच्या प्रकरणातली कृत्यं 1 जुलै 2024 च्या आधीची, तेव्हा गुन्ह्याची कलमं जुन्या दंड संहितेतलीच लागतील. हा अर्ज आत्ताच टाकू नका. हुकूमनामा रद्द करताना कोर्टाने पत्त्याबद्दल काही नोंदवलं तर त्या आधारावर टाका. पोलिस ठाण्यात गेलात तर ‘हा दिवाणी मामला आहे’ असं उत्तर मिळण्याचीच शक्यता मोठी, आणि तो कागद नंतर दादाचे वकील दाखवत बसतील.

समजा अर्ज मंजूर झाला. तेव्हाही तुम्हाला अर्धं घर मिळत नाही, फक्त दावा पुन्हा पहिल्या पायरीवर येतो. मग कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायची आणि तिच्यासोबतच वाटपाचा प्रतिदावा करायचा. घर बाबांचं स्वकष्टार्जित असेल तर त्यांच्या मागे आई, दादा आणि तुम्ही असे तीन समान हिस्से झाले. आईच्या हिश्श्याचे पुढे तुम्हा दोघांत दोन भाग. म्हणजे आज तुमचा अर्धा. प्रतिदावा न करता नुसता दादाचा दावा हरवलात तर घर तसंच त्याच्या ताब्यात राहील आणि तुम्हाला नव्याने वाटपाचा दावा लावावा लागेल.

माहेर तुटेल का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पत्रात जाणवतं. अर्ज दाखल झाल्यावर मध्यस्थीला तयार आहात असं वकिलांकरवी कळवायला हरकत नाही, आधी नको. तडजोड झालीच तर नोंदणीकृत हक्कसोड लेखाने, पैसे बँकेतून, आणि तुमच्या सहीआधी तुमच्याच वकिलांनी वाचलेल्या कागदाने.

खर्चाची अडचण असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 12 प्रमाणे स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, 15100 वर फोन केला तरी माहिती मिळते. दर तारखेला नागपूरहून यायची गरज नाही, वकील हजर राहतील. मामेभावाला मुख्तियारपत्र (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) देऊन नकला काढणं, फी भरणं अशी कामंही सोपवता येतील. साक्ष मात्र तुम्हालाच द्यावी लागेल. तुम्ही कुठे राहत होता, दादा तुम्हाला काय म्हणाला, हे तुमच्या वतीने मुख्तियार सांगू शकत नाही. प्रवास झेपत नसेल तर व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने साक्ष घेण्याची परवानगी वकिलांना आधीच मागायला सांगा, ऐन तारखेच्या आदल्या दिवशी नको.